टोस्टमास्टर्सचे सदस्यत्व: माहितीपर भाषण शिकण्यासाठी किती उपयोगाचे?

टोस्टमास्टर्स इंटरनॅशनल ही वक्तृत्वाचा सराव करून देणारी संस्था महाराष्ट्राला आता नवी राहिलेली नाही. पुण्या-मुंबईत तिचे अनेक क्लब आहेत. काही कंपन्यांच्या आवारात केवळ कर्मचाऱ्यांसाठी चालतात, तर काही सर्वांना खुले असतात. या क्लबांविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यात ‘स्टेजची भीती गेली, आत्मविश्वास वाढला’ हाच सूर बहुधा असतो. माझी गरज थोडी निराळी होती. शेतकरी गटांना आणि शाळांतील मुलांना पाऊस व हवामानाची माहिती देणे हा माझ्या कामाचा भाग आहे. लोकांपुढे उभे राहण्याची भीती मला कधी वाटली नाही, पण आपण बोलून खाली बसल्यावर समोरच्यांच्या पदरात नेमके काय पडले असेल, ही शंका कायम असे. माहितीपर भाषण नीट बांधता यावे आणि नीट सांगता यावे, एवढ्याच हेतूने मी सदस्यत्व घेतले आणि हे परीक्षणही तेवढ्याच दृष्टीने लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते: बोलणाऱ्याला शिस्त लावण्यात या पद्धतीला तोड नाही, परंतु बोललेल्या मजकुराची पारख करण्याची सोय तिच्यात फारच थोडी आहे.

संस्थेची पार्श्वभूमी थोडक्यात पुरेल. राल्फ स्मेडली हे वायएमसीए या तरुणांसाठीच्या ख्रिस्ती संस्थेत काम करीत असताना तरुणांना सभेत बोलता यावे म्हणून त्यांनी कॅलिफोर्नियातील सांता आना येथे १९२४ साली या क्लबाची सुरुवात केली. तिथे शिक्षक नसतो आणि वर्ग भरत नाही. सदस्यच बोलतात, सदस्यच ऐकतात आणि सदस्यच एकमेकांचे मूल्यमापन करतात. शंभर वर्षांनंतरही हा गाभा तसाच आहे. अभ्यासक्रम मात्र आता ‘पाथवेज’ नावाने ऑनलाइन मिळतो. सदस्य आपल्या आवडीचा मार्ग निवडतो, त्या मार्गाचे पाच स्तर असतात, आणि प्रत्येक स्तरातील प्रकल्प भाषणे देऊन पूर्ण करायचे असतात. पहिले भाषण ‘आइस ब्रेकर’, म्हणजे स्वतःची ओळख, चार ते सहा मिनिटांची. पुढची बहुतेक भाषणे पाच ते सात मिनिटांची असतात.

सभेचा साचा ठरलेला असतो. सूत्रसंचालकाला ‘टोस्टमास्टर ऑफ द डे’ म्हणतात. तयार भाषणे, आयत्या वेळी दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटे बोलण्याचे ‘टेबल टॉपिक्स’ आणि शेवटी मूल्यमापने असा क्रम असतो. प्रत्येक वक्त्यानंतर टाळ्या आणि व्यासपीठ सोपवताना हस्तांदोलन हा रिवाज आहे. टाळ्यांचा हा मारा सुरुवातीला थोडा कृत्रिम वाटतो, पण सवय होते.

या सगळ्यांत माहितीपर भाषणासाठी सर्वांत मोलाची भूमिका टायमरची आहे, असे माझे मत झाले आहे. पाच ते सात मिनिटांच्या भाषणात पाचव्या मिनिटाला हिरवा, सहाव्याला पिवळा आणि सातव्याला लाल दिवा दाखवला जातो. त्यानंतर अर्ध्या मिनिटाची सवलत असते. दिव्याची सोय नसेल तेथे रंगीत कार्डे चालतात. आपल्याकडे व्याख्यान म्हटले की तासाभराचे, ही अपेक्षा पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेचा श्रोता तासभर बसून ऐकायला आलेला असतो आणि वक्त्यालाही विषयाला हळूहळू भिडण्याची मुभा असते. ग्रामसभेत, शाळेच्या परिपाठात किंवा बचत गटाच्या बैठकीत अशी मुभा कोणी देत नाही. तिथे दहा मिनिटे मिळाली तरी भाग्य. सात मिनिटांचा लाल दिवा समोर ठेवून तयारी केली की मजकुराची छाटणी आपोआप निर्दय होते.

ही छाटणी कशी होते ते एका भाषणावरून सांगते. ‘रायटिंग अ स्पीच विथ पर्पज’ या पहिल्या स्तरातील प्रकल्पात भाषणाचा सर्वसाधारण हेतू कोणता आणि विशिष्ट हेतू कोणता, हे आधी लिहून काढायला सांगितले जाते. सर्वसाधारण हेतू चार मानलेले आहेत: माहिती देणे, मन वळवणे, रंजन करणे आणि प्रेरणा देणे. मी माहिती देण्याचा हेतू घेतला आणि विषय ठेवला ‘पावसाचा अंदाज कसा वाचावा’. माझ्या टिपणवहीत या विषयाचा ढीग होता. भारतीय हवामान विभाग एप्रिलमध्ये मोसमी पावसाचा पहिला अंदाज देतो आणि मेअखेरीस तो सुधारतो. जून ते सप्टेंबर या काळातील देशाची दीर्घकालीन सरासरी १९७१ ते २०२० या वर्षांवरून ८७ सेंटिमीटर धरलेली आहे. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला तर तो ‘सर्वसामान्य’, ९० ते ९५ टक्के असेल तर ‘सर्वसामान्यपेक्षा कमी’, आणि त्याहूनही खाली गेला तर ‘तूट’. याशिवाय चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे ‘जोरदार’, ११५.६ पासून ‘अति जोरदार’ आणि २०४.५ पासून ‘अत्यंत जोरदार’ ही वर्गवारी. शिवाय हिरवा, पिवळा, नारिंगी आणि लाल या इशाऱ्यांचे अर्थ. माझ्या बोलण्याच्या वेगाने सात मिनिटांत साडेसातशे ते आठशे शब्द बसतात. एवढ्यात हे सगळे कोंबले असते तर श्रोत्यांना पाढे ऐकल्यासारखे वाटले असते.

विशिष्ट हेतू एका वाक्यात लिहिण्याची सक्ती इथे उपयोगी पडते. ‘श्रोत्यांना हवामान अंदाजाची माहिती देणे’ हे वाक्य चालत नाही, कारण त्यातून काय ठेवायचे आणि काय टाकायचे याचा निर्णय होत नाही. शेवटी वाक्य असे झाले: ‘देशाच्या सरासरीचा अंदाज आणि आपल्या भागासाठीचा इशारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे श्रोत्याला उदाहरणासह सांगता यावे.’ हे ठरल्यावर टक्केवारीच्या पाच वर्गांपैकी एकच उरला, मिलिमीटरचे तिन्ही उंबरठे गेले, आणि सातारा जिल्हा आत आला. महाबळेश्वर आणि माण तालुका एकाच जिल्ह्यात आहेत. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माणमध्ये पाचशेच्या आसपास. देशभरात ‘सर्वसामान्य’ पाऊस होणार ही बातमी या दोन्ही ठिकाणच्या शेतकऱ्याला सारखीच ऐकू येते, पण तिच्यावरून त्यांपैकी कोणालाच आपल्या रानाचा निर्णय घेता येत नाही. घाटमाथ्यासाठी हवामान विभाग इशारा वेगळा का देतो, हेही याच उदाहरणातून सांगून झाले आणि त्यासाठी निराळी व्याख्या द्यावी लागली नाही.

मिलिमीटर म्हणजे किती, हे मात्र सांगणे भाग होते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर ते एक लिटर पाणी होते. या वाक्याला श्रोते मान डोलावतात आणि लगेच विसरतात. त्याऐवजी हजार चौरस फुटांची गच्ची घेतली. ती साधारण ९३ चौरस मीटर होते. तिच्यावर शंभर मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ९,३०० लिटर पाणी जमते. दहा हजार लिटरचा टँकर मागवणाऱ्या पुणेकर श्रोत्यांना हा आकडा ऐकताच समजला, आणि सभागृहात पहिल्यांदा कुजबुज झाली. आकडा सांगण्याआधी अर्धा श्वास थांबायचे आणि सांगितल्यावर पूर्ण श्वास थांबायचे, ही सूचना मला एका अनुभवी सदस्याने दिली होती. अशा सूचना पुस्तकात वाचून उपयोगाला येत नाहीत. समोर माणसे असली तरच त्यांचा अर्थ कळतो. माहितीपर भाषणात आकडा हा सर्वांत नाजूक भाग असतो, आणि त्याच्यापुढे जागा मोकळी सोडली नाही तर पुढचे वाक्य त्याला पुसून टाकते.

दुसरी उपयोगी भूमिका ‘आह काउंटर’ची. बोलताना किती वेळा ‘अं’, ‘सो’, ‘लाइक’ आले, याची तो मोजणी करतो. मराठीत बोलले तर त्याच्या यादीत ‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय होतं की’ आणि ‘अशा प्रकारे’ ही मंडळी भरतात. यांतील ‘म्हणजे’ फार लबाड आहे. माहिती देताना व्याख्येसाठी तो शब्द खरोखरीच लागतो, त्यामुळे तोच शब्द उसासा टाकायलाही वापरला तर श्रोत्याला व्याख्या कुठे सुरू झाली ते कळत नाही. ‘ऑरेंज अलर्ट म्हणजे तयार राहा’ हे वाक्य ठसायला हवे असेल, तर त्याच्या आधीच्या मिनिटभरात निरर्थक ‘म्हणजे’ येऊ नयेत. मोजणीचे कागद हातात पडू लागले तेव्हा या गोष्टीकडे लक्ष गेले.

शालेय वक्तृत्व स्पर्धांमधून आलेल्यांना क्लबची आणखी एक मदत होते. ‘सन्माननीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ या चालीवर वाढलेल्या आपल्या पिढ्यांना वाक्य उंचावून टाळी घेण्याची सवय असते. सुरुवातीला कवितेच्या चार ओळी, मध्ये थोर पुरुषांचे नाव आणि शेवटी ‘एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते’. या शैलीला स्पर्धेत गुण मिळतात, पण बँकेच्या फसवणुकीपासून कसे वाचावे किंवा पीक विम्याचा दावा कसा करावा हे सांगताना ती आड येते. क्लबमध्ये लोक समोरासमोर, साध्या आवाजात, संभाषणाच्या लयीत बोलताना दिसतात आणि आपलाही आवाज हळूहळू जमिनीवर येतो. ‘व्होकल व्हरायटी’ म्हणजे चढउतार, आरडाओरडा नव्हे, हेही तिथेच ऐकून ऐकून समजते.

आता उणिवांकडे. भाषणानंतर मूल्यमापकाला दोन ते तीन मिनिटे बोलायचे असते आणि एक छापील नमुना भरायचा असतो. त्या नमुन्यातले मूळ निकष सात आहेत: स्पष्टता, आवाजातील विविधता, नजर, हातवारे, श्रोत्यांचे भान, वक्त्याची सहजता आणि रंजकता. प्रत्येकाला एक ते पाच गुण. काही प्रकल्पांत यात एखाद-दुसऱ्या निकषाची भर पडते. पण मूळ सातांमध्ये, सांगितलेली माहिती बरोबर होती का आणि श्रोत्यांना ती समजली का, हे थेट विचारणारा एकही निकष नाही. प्रेरणादायी भाषणाला किंवा विनोदी किश्शाला हे चालून जाते. माहितीपर भाषणाचा मात्र तोच कणा आहे. माझ्या पावसाच्या भाषणात मी ८७ ऐवजी ७८ सेंटिमीटर म्हणाले असते, तरी सातही रकान्यांत गुण तेवढेच पडले असते.

हा आक्षेप काल्पनिक वाटू नये म्हणून बाहेरचे एक उदाहरण देते. शहरातल्या एका दोन दिवसांच्या सशुल्क कार्यशाळेला मी गेले होते. तिचा टोस्टमास्टर्सशी काही संबंध नव्हता. तिथल्या प्रशिक्षकांनी पहिल्याच स्लाइडवर लिहिले होते की संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि देहबोलीचा ५५ टक्के असतो. हे आकडे वक्तृत्वाच्या वर्गांत इतके फिरले आहेत की ते सुविचारासारखे भिंतीवर लागायचे बाकी आहेत. त्यांचे मूळ आल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ मधील दोन प्रयोगांत आहे. त्या प्रयोगांचा विषय होता आवड-निवड आणि भावना व्यक्त करण्याचा: सुटा शब्द, तो उच्चारणारा सूर आणि चेहऱ्यावरचा भाव एकमेकांशी जुळत नसतील तर ऐकणारा कशावर विसंबतो. भावना आणि वृत्ती यांच्यापलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असे मेहराबियन यांनी स्वतःच स्पष्ट केलेले आहे. पीक विम्याच्या अटी सांगणाऱ्याचे शब्द सात टक्क्यांचे असते, तर परक्या भाषेतले भाषणही नुसत्या हातवाऱ्यांवरून समजले असते. ही स्लाइड घेऊन कोणी क्लबमध्ये सात मिनिटे सफाईने बोलले, तर मूल्यमापनाचा नमुना त्याला अडवणार नाही. श्रोत्यांपैकी कोणी जाणकार असेल तर त्यालाही त्या क्षणी बोलायला जागा नसते, कारण तयार भाषणानंतर प्रश्नोत्तरे होत नाहीत.

प्रश्नोत्तरांचा हा अभाव मला सर्वांत जास्त खटकतो. माहिती देणाऱ्याची खरी परीक्षा पहिल्या प्रश्नाला होते. ‘ऑरेंज अलर्ट असताना आमच्याकडे थेंबही पडला नाही, मग तुमचा अंदाज खोटा का?’ हा प्रश्न गावात हमखास येतो, आणि त्याला उत्तर देताना शक्यता म्हणजे काय, इशारा एकेका गावाऐवजी मोठ्या भागासाठी का असतो, पेरणी आणि फवारणीचा निर्णय मग कशावर घ्यायचा, हे सगळे दोन मिनिटांत उलगडून सांगावे लागते. अभ्यासक्रमात प्रश्नोत्तराच्या सत्राचा प्रकल्प आहे, पण तो वरच्या स्तरावर आणि ऐच्छिक. माझ्या मते माहितीपर भाषण शिकणाऱ्याने तो पहिल्याच वर्षी करायला हवा. वरचा स्तर येईपर्यंत थांबायचे नसेल, तर मूल्यमापकाला आधीच विनंती करावी की भाषण संपल्यावर त्याने तीन गोष्टी स्वतःच्या शब्दांत सांगाव्यात: मुख्य मुद्दा काय होता, कोणता आकडा लक्षात राहिला आणि कुठे धागा सुटला. मी ही विनंती करते आणि आजवर कोणी नकार दिलेला नाही. या तीन उत्तरांतून मला जे कळते, ते सात रकान्यांतल्या गुणांतून कळत नाही.

मूल्यमापनाच्या सुराबद्दलही सांगायला हवे. कौतुक, मग सूचना, मग पुन्हा कौतुक, असा एक ठरलेला साचा क्लबांमध्ये चालतो. नवशिक्याला तो धीर देतो, यात शंका नाही. पण वर्षभर बोलणाऱ्या माणसालाही तसेच थोपटले जाते, तेव्हा सूचना दोन कौतुकांच्या मध्ये हरवते. आपल्याला रोखठोक ऐकायचे असेल तर तसे आधी स्पष्ट सांगावे लागते. या बाबतीत ‘इव्हॅल्युएशन अँड फीडबॅक’ हा पहिल्या स्तरातील प्रकल्प फार चांगला रचलेला आहे. त्यात एक भाषण द्यायचे, त्यावरच्या सूचना घ्यायच्या, दुसऱ्या भाषणात त्या अमलात आणून दाखवायच्या आणि नंतर स्वतः कोणाचे तरी मूल्यमापन करायचे. दुसऱ्या वेळी तेच भाषण पुन्हा देण्याची मुभा आहे आणि ती अवश्य घ्यावी. माहितीपर भाषण दुसऱ्यांदा दिल्याशिवाय पक्के होत नाही. पहिल्यांदा आपण मजकूर आठवत असतो, दुसऱ्यांदा आपले लक्ष ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे जाते.

भाषेचा प्रश्न मराठी वाचकाला महत्त्वाचा वाटेल. क्लब कोणत्या भाषेत चालावा हे क्लब ठरवतो, आणि शहरांतले बहुसंख्य क्लब इंग्रजीत चालतात. अभ्याससाहित्य मराठीत उपलब्ध नाही. इंग्रजीत सात मिनिटे सफाईने बोलता येऊ लागले म्हणून तोच विषय मराठीत आपोआप उतरत नाही, हे लक्षात ठेवावे. ‘प्रोबॅबिलिटी’ म्हणून पुढे जाणे सोपे असते. ‘दहापैकी सहा वेळा असे होते’ असे सांगायला विषय जास्त पचवावा लागतो. ज्यांचे श्रोते मराठी आहेत त्यांनी भाषण आधी मराठीतच बांधावे आणि क्लबमध्ये अधूनमधून मराठीत बोलण्याची परवानगी मागून पाहावी. ग्रामेरियन या भूमिकेचे काम भाषेकडे लक्ष देण्याचे असते. मराठी भाषण झाले की ही भूमिका जाणकाराकडे द्यावी, नाहीतर अहवालात ‘छान मराठी’ यापलीकडे काही येत नाही.

खर्चाचा हिशेब सरळ आहे. मूळ संस्थेचे शुल्क सध्या दर सहा महिन्यांना ६० डॉलर आणि नव्या सदस्याकडून एकदाच २० डॉलर. सभागृहाच्या भाड्यासाठी किंवा चहापाण्यासाठी क्लब वरती काही घेऊ शकतो, त्याची चौकशी करून घ्यावी. शनिवार-रविवारच्या कार्यशाळांशी तुलना केली तर ही रक्कम मुळीच जास्त नाही, कारण कार्यशाळेत एखादे भाषण वाट्याला येते आणि प्रमाणपत्र मिळते. इथे प्रमाणपत्रांचे स्तोम थोडे कमी आणि उभे राहण्याच्या संधी खूप जास्त आहेत. पण या संधी सभेला हजर राहणाऱ्यालाच मिळतात. पैसे भरून घरी बसणाऱ्यासाठी ऑनलाइन साहित्य फारसे उपयोगाचे नाही. त्यातला बराच भाग सर्वसाधारण सल्ल्याचा आहे.

शिक्षक, कृषी सहायक, आरोग्यसेविका, बँकेतले अधिकारी, सहकारी संस्थांचे सचिव अशा ज्यांना लोकांना काहीतरी समजावून सांगावे लागते, त्यांना वर्षभराचे सदस्यत्व घ्यावे असे मी सुचवेन. मजकुराची तपासणी मात्र आपल्या क्षेत्रातल्या एखाद्या जाणकाराकडून क्लबबाहेर करून घ्यावी. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना स्पर्धेपुरते बोलायचे असेल तर त्यांना इथली गती संथ वाटेल.

सदस्य होण्याआधी निदान दोन वेगवेगळ्या क्लबांच्या सभांना पाहुणे म्हणून जावे. सभा वेळेवर सुरू होते का, टायमरचा दिवा खरोखर पाळला जातो का, आणि मूल्यमापक भाषणातला एखादा तपशील उचलून बोलतो की ‘फार छान, असेच बोलत राहा’ यावर थांबतो, एवढे पाहिले तरी क्लबचा दर्जा कळतो. शिक्षणविषयक उपाध्यक्षांना विचारावे की नव्या सदस्याला तयार भाषणाची पाळी साधारण किती आठवड्यांनी मिळते. मोठ्या क्लबमध्ये ही रांग लांब असते. शुल्काचे नूतनीकरण एप्रिल आणि ऑक्टोबरच्या आरंभी येते, त्यामुळे मार्चमध्ये किंवा सप्टेंबरमध्ये दाखल होत असाल तर पैसे भरण्यापूर्वी ते नेमके कोणत्या महिन्यापर्यंत धरले जातील, हे खजिनदाराकडून लेखी घ्यावे.